मामुर्डीची ‘बी टीम’ कुठे गेली?

आजचा विषय आकुर्डीपासून फार लांबचा नाही. किवळ्याच्या पुढे, गहुंजे स्टेडियमच्या अलीकडे मामुर्डी आहे ना, तिथे पुणे एफसीची निवासी फुटबॉल अकादमी होती. २००७ मध्ये सुरू झालेला हा क्लब २०१२-१३ ला आय-लीगमध्ये दुसरा आला, आणि मामुर्डीच्या पोरांनी वीस वर्षांखालची आय-लीगही जिंकली.

२०१५ मध्ये क्लबच बंद पडला. मग आयएसएलमधल्या एफसी पुणे सिटीने ती अकादमी घेतली. पुढे त्यांची राखीव टीम, म्हणजे ‘बी टीम’, आय-लीगच्या दुसऱ्या विभागात खेळायला लागली.

आता बी टीम कशाला हवी? मुख्य संघात पंचवीसेक खेळाडू, मैदानात अकरा. अठरा वर्षांचा पोरगा ज्युनियर स्पर्धांतून बाहेर पडतो आणि थेट बाकावर बसतो. वर्षभर मॅचच नाही! आमच्या भाषेत सांगायचं तर कोड लिहिलाय, पण कधी चालवूनच बघितला नाही. बी टीममध्ये त्याला मोठ्या, दणकट माणसांशी खरीखुरी मॅच मिळते. गंमत अशी की आयएसएल क्लबची बी टीम कितीही जिंकली तरी तिला बढती नव्हती. कप नाही, नाव नाही, फक्त मिनिटं. माझ्या मते तीच सगळ्यात महागडी गोष्ट.

आशिक कुरुनियन बघा. केरळातल्या मलप्पुरमचा पोरगा, पुणे एफसीच्या अकादमीत आला. २०१६ मध्ये पुणे सिटीने त्याला स्पेनला, विलारियालच्या ‘सी’ टीमकडे पाठवलं. हो, ‘सी’! तिसऱ्या टीमलाही तिथे किंमत आहे. जानेवारी २०१९ मध्ये तो आशियाई चषकात सुनील छेत्रीच्या जोडीने पुढे खेळत होता.

आणि त्याच वर्षी एफसी पुणे सिटी गुंडाळली गेली. आयएसएलमधली जागा हैदराबादच्या नव्या मालकांकडे गेली, हैदराबाद एफसी उभी राहिली. मोठ्या खेळाडूंना दुसरे करार मिळाले. आशिक बंगळुरूला गेला. बी टीमच्या पोरांचं काय? लिलाव, बातमी, चाहते, सगळं मुख्य संघाभोवती असतं.

रशियातही असं होतं, पण फरक बघा. मॉस्कोच्या स्पार्टाकने २०२२ मध्ये आपली ‘स्पार्टाक-२’ दुसऱ्या श्रेणीतून काढून घेतली. बी टीम गेली, पण क्लब जागेवर होता, त्यामुळे पोरांना निदान घर होतं. आपल्याकडे चार वर्षांत छप्पर दोनदा उडालं. तेही पिंपरी-चिंचवड आणि पुण्यासारख्या शहरांत, जिथे रविवारी टर्फ बुक करायला मारामारी असते.

पुढच्या एपिसोडमध्ये पुण्याचीच डीएसके शिवाजियन्स. लालियानझुआला छांगटे तिथूनच वर आला. भेटू!