आधी टेप, मग ट्रॅक्टर

नारायणगावजवळच्या आमच्या मळ्यात जमीन सव्वातीन एकर. एक एकर द्राक्ष, बाकी टोमॅटो, कांदा आणि दोन म्हशींपुरता घास. घर मळ्याच्या मधोमध. इतक्या जमिनीला स्वतःचा ट्रॅक्टर कशाला, हा प्रश्न वडिलांनी पंचवीस वर्षे विचारला आणि पंचवीस वर्षे भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहिली. पाऊस उघडतो, वाफसा येतो, तेव्हा तो गावातल्या सगळ्यांच्या रानात एकदमच येतो. ट्रॅक्टरवाल्याचा दोष नाही, पण आमचा नंबर लागेपर्यंत रान एकतर सुकून ढेकळं धरायचं, नाहीतर पुन्हा पावसात सापडायचं. शेवटी आम्ही छोटा ट्रॅक्टर घेतला. घेण्याआधी आठ महिने चौकशी केली. त्यातून जे कळलं ते इथे मांडतो, कारण आता ही वेळ बहुतेक घरांवर आली आहे. राज्यात 1970-71 मध्ये एका खातेदाराकडे सरासरी 4.28 हेक्टर जमीन होती. 2015-16 च्या कृषिगणनेत ती 1.34 हेक्टर भरली. जमिनीचे तुकडे झाले, बैल गेले, आणि पंचेचाळीस-पन्नास एचपीचं मोठं धूड त्या तुकड्यात फिरेनासं झालं.

दुकानात पहिला प्रश्न येतो तो, "किती एचपीचा बघायचाय?" मला विचाराल तर एचपी शेवटी बघावी. सुरुवात टेपने करावी. आमची द्राक्षं नऊ बाय पाचवर आहेत. ओळीत नऊ फूट जागा आहे असं कागद सांगतो, पण ऐन फुटव्यात टेप लावला तेव्हा मोकळी जागा सहा फुटांच्याही आत भरली. मांडवाची उंची साडेसहा फूट. ओळीच्या टोकाला वळायला दहा-अकरा फूट, त्यातही ताणाच्या तारा आडव्या. गोठ्याचं फाटक साडेसात फुटी. हे पाच-सहा आकडे वहीत लिहिले आणि निम्मी मॉडेल तिथेच गळाली. सायलेन्सर वर असलेला ट्रॅक्टर मांडवाखाली घड आणि पानं भाजतो, त्यामुळे तो खाली वळवलेला हवा. चालकाच्या मागची संरक्षक कमान दुमडणारी हवी. वळण्याची त्रिज्या माहितीपत्रकात असते, पण ती बहुधा ब्रेक लावून घेतलेल्या वळणाची असते. म्हणून प्रात्यक्षिक दुकानासमोरच्या डांबरावर न घेता आपल्याच ओळीत घ्यावं. डीलर आढेवेढे घेतात, पण गिऱ्हाईक खरं आहे असं दिसलं की ट्रॅक्टर पाठवतात.

मग अवजारं. ट्रॅक्टर स्वतः काहीच काम करत नाही, काम मागचं अवजार करतं. आम्ही वर्षभराची कामं लिहून काढली. बागेत फवारणीचा ब्लोअर, ओळीत रोटाव्हेटर, कांद्याला सरी-वाफे, शेणखताची ट्रॉली. यात सर्वांत जास्त ताकद कोण मागतं, ते बघायचं. आमच्याकडे तो ब्लोअर होता. पाण्याने भरलेली टाकी ओढायची आणि त्याच वेळी पंखाही फिरवायचा. त्याला लागणारी ताकद पीटीओवर मिळते, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्यावर, जो मिनिटाला 540 फेरे घेतो. बॉनेटवर लिहिलेली एचपी इंजिनाची असते. पीटीओवर पोहोचते ती त्यातली साधारण ऐंशी ते अठ्ठ्याऐंशी टक्के. चोवीस एचपीच्या ट्रॅक्टरला वीस-एकवीस एचपीचंच अवजार पेलतं. हा फरक न पाहता शेजारच्या दादांनी मोठा ब्लोअर घेतला, आणि पहिल्याच चढाला इंजिन धापा टाकू लागलं.

लिफ्टचंही तसंच. छोट्या ट्रॅक्टरची उचल साडेसातशे किलोच्या आसपास सांगतात. ती खालच्या दांड्यांच्या टोकाशी मोजलेली असते. अवजाराचं वजन त्याच्याही मागे लोंबतं, तेव्हा प्रत्यक्षात उचल कमी मिळते आणि पुढची चाकं हलकी होतात. पुढे वजनाच्या पट्ट्या लावणं हा त्यावरचा साधा उपाय आहे.

फोर व्हील घ्यावं का, यावर गावात दोन पक्ष आहेत. माझं मत स्पष्ट आहे, छोट्या ट्रॅक्टरला ते घ्यावंच. हलक्या ट्रॅक्टरचं वजन आठशे-हजार किलो. ओल्या काळ्या रानात मागची दोनच चाकं ओढत असतील तर ती जागेवर फिरून खड्डा करतात. पुढची चाकंही ओढू लागली की तेवढ्याच एचपीत कितीतरी जास्त काम निघतं. कोकणात भाताची खाचरं आणि उतार असणाऱ्यांनी तर दुसरा विचारच करू नये. नुसती वखरणी करायची, रान सपाट आणि कोरडं, एवढंच असेल तर पैसे वाचवता येतील.

बाजारात आज निवड बरीच आहे. 2021 मध्ये आलेला स्वराजचा कोड अकरा एचपीचा, पेट्रोलवर चालणारा. महिंद्राचा युवराज पंधरा एचपीचा, जिवो वीसपासून पुढे. ओजा ही त्यांची मालिका 15 ऑगस्ट 2023 रोजी केपटाउनमध्ये जाहीर झाली, त्यात सगळ्यांना फोर व्हील आहे. कुबोटाचा निओस्टार एकवीसपासून पुढे, जॉन डिअरचा 3028 ईएन अठ्ठावीसचा. पुण्याजवळ मोशीला डिसेंबरात भरणाऱ्या किसान प्रदर्शनात यातले बरेच एका रांगेत बघायला मिळतात. कुठला चांगला, हे मी सांगणार नाही. तुमच्या गावापासून तासाभराच्या आत ज्याचा मेकॅनिक आणि सुटे भाग मिळतात, तो चांगला. फवारणीच्या ऐन हंगामात ट्रॅक्टर आठवडाभर उभा राहिला तर बाग हातची जाते.

एक गोष्ट फार कमी लोक करतात. मध्य प्रदेशात बुदनी इथे केंद्र सरकारची शेतीयंत्रांची चाचणी घेणारी संस्था 1955 पासून काम करते आहे. तिथल्या चाचणी अहवालात पीटीओवर मिळालेली खरी ताकद, डिझेलचा खप, उचल, वळण, सगळं मोजून लिहिलेलं असतं. ज्या मॉडेलवर मन बसलंय त्याचा अहवाल डीलरकडे हक्काने मागा. आम्ही मागितला, वाचला आणि पहिली पसंती बदलली.

आता पैसे. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला. पाच लाख मूळ किमतीवर हा फरक पस्तीस हजारांचा होतो. रोटाव्हेटरला लाखाच्या आसपास लागतात, ट्रॉली आणि ब्लोअर वेगळे. म्हणून ट्रॅक्टरवर सगळे पैसे संपवू नयेत, नाहीतर तो नुसता दारात उभा राहतो. अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज करावा. निवड होऊन पूर्वसंमती हाती आल्याशिवाय खरेदी करू नये, आधी घेतलेल्या यंत्राला अनुदान मिळत नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध घटकांच्या बचत गटांना मिनी ट्रॅक्टर आणि अवजारांसाठी समाजकल्याण विभागाची नव्वद टक्के अनुदानाची योजना आहे. अजून पुष्कळ गटांना ती ठाऊक नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

आणि कर्जाचं गणित सही करण्याआधी करावं. साडेचार लाखांचं कर्ज, दहा टक्के व्याज, पाच वर्षं, म्हणजे वर्षाला सव्वा लाखाच्या जरा आत हप्ता. ट्रॅक्टर वर्षात दीडशे तास चालला तर हप्त्याचाच बोजा तासाला पावणेआठशेच्या आसपास, वर दोन-अडीच लिटर डिझेल. म्हणजे हजार रुपये तास. आमच्याकडे भाड्याचा दर हजार-बाराशे आहे, तेव्हा आमचं जमलं. पण वर्षात पन्नासच तास काम असेल तर तोच तास अडीच हजारांवर जातो. अशा घरांनी ट्रॅक्टर घेऊ नये, असं मी ठामपणे म्हणतो. पॉवर टिलर बघावा, किंवा दोघा-तिघा भावांनी मिळून एक घ्यावा. दारात ट्रॅक्टर असल्याची शोभा पाच वर्षांच्या हप्त्याला पुरत नाही.

जुना घ्यायचा असेल तर मालकाला फोन न करता सकाळी लवकर जा. इंजिन गार असताना चालू करायला लावा. अवजार उचलून इंजिन बंद करा आणि पंधरा मिनिटं थांबा. ते हळूहळू खाली बसत असेल तर लिफ्टचं काम निघालेलं आहे. कागदांवर बँकेचा बोजा चढलेला नाही ना, तेही तपासा.

चालवणार कोण, हाही प्रश्न आधी विचारावा. आमच्याकडे निम्मी फवारणी माझी पत्नी करते. एका ट्रॅक्टरवर तिचा पाय क्लचपर्यंत नीट पोहोचत नव्हता. बाकी सगळं पसंत असूनही तो सोडला, आणि त्याचं आजही वाईट वाटत नाही. पहिलं ऑइल पन्नास तासांना बदललं, रेडिएटरची जाळी रोज झटकतो, ग्रीस तीच भरते.

पाडव्याला अनेकांच्या दारात नवा ट्रॅक्टर येईल. हार घाला, पेढे वाटा. पण पीटीओच्या दांड्यावरचं आवरण कधीही काढू नका, साडीचा पदर किंवा उपरण्याचं टोक त्यात गुंतलं तर सोडवायला वेळ मिळत नाही. कमान आणि पट्टा असेल तर तो लावा. आणि शोरूमपासून घरापर्यंतच्या त्या पहिल्या फेरीतही पोराला मडगार्डवर बसवू नका. ट्रॅक्टरला सीट एकच असते.