दौंडच्या उन्हात पोवळ्याचा हट्ट

पुण्यातल्या एका दुकानात आमच्या धाकट्याने काचेच्या टाकीत, निळ्या दिव्याखाली हिरवी-जांभळी पोवळी पाहिली आणि तिथेच हटून बसला. "अब्बा, आपल्या घरी पण ठेवूया ना!" मरजान हा शब्द आमच्याकडे अंगठीतल्या खड्यामुळे आणि सूरह रहमानमुळे सर्वांच्या ओळखीचा, पण मरजान जिवंत असतो, हे पोरांना नवीनच होते.

पोवळे झाड नव्हे आणि दगडही नव्हे. चुन्याच्या घरात वस्ती करणारे ते इवलेसे प्राणी आहेत. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते. ते उजेडावर अन्न तयार करते आणि त्यातले बरेचसे पोवळ्याला देते. शेवाळाचा रंग तपकिरी. हिरवा, गुलाबी, जांभळा हे रंग पोवळ्याचे स्वतःचे. म्हणून टाकीत मासे फार झाले, खाणे जास्त पडले, की नायट्रेट आणि फॉस्फेट वाढते, शेवाळ माजते आणि महागामोलाचे पोवळे तपकिरी पडते. उलट पाणी तापले तर शेवाळ अंगातून निघून जाते आणि पोवळे पांढरेफटक होते. पाणी लवकर निवले नाही, तर ते उपासमारीने मरते.

ते टिकवायचे तर पाणी 25-26 अंशांवर हवे. आर.ओ.च्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम समुद्री मीठ घालायचे. जेवणातले मीठ चालत नाही. कॅल्शियम लिटरमागे 400 ते 450 मिलिग्रॅम ठेवायचे आणि पंप रात्रंदिवस चालू. आता दौंडचा मे महिना आठवा. पारा चाळिशीपार जातो. चिलर नसेल तर ही टाकी काही दिवसांचाच खेळ! वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर पंखा चालवायचा की पंप, हे घरच्या अम्मीला विचारून बघा.

खर्चाहून मोठी अडचण कायद्याची आहे. आपल्या समुद्रातली सर्व दगडी पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. ती काढणे किंवा विकणे गुन्हा आहे आणि शिक्षा तीन ते सात वर्षांची कैद. मऊ पोवळी घेतानाही आयातीचे कागद पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मी कागद मागितले, तेव्हा दुकानदार विषय बदलून माशांचे भाव सांगू लागला.

हाजी अलीचा किनारा तर आपल्या सर्वांच्या परिचयाचा. तिथल्या आणि वरळीच्या खडकांवर पोवळी आहेत. कोस्टल रोडच्या कामात ती येत होती, म्हणून 2020 साली वन विभागाची परवानगी घेऊन, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मदतीने 18 वसाहती उचलून दुसऱ्या खडकांवर बसवाव्या लागल्या. मुंबई महापालिकेलाही परवानगीशिवाय हात लावता आला नाही! रंगीत पोवळी मनसोक्त पाहायची तर मालवणला जावे. तिथे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे.

तूर्त आमच्या टाकीत चार गप्पी मासे आहेत. आणि धाकट्याने वहीत मुंबईच्या ओहोटीच्या वेळा उतरवून ठेवल्या आहेत.