कोटा कुठला? (जुनं घर, नवा उजेड : भाग ९)

आज पीओपीवर लिहायचं कबूल केलं होतं. ज्यांनी त्यासाठी मिस्त्रीला थांबवून ठेवलंय त्यांनी अजून आठ दिवस थांबवावं. एका बाईंचा प्रश्न आला आहे आणि तो मला पीओपीपेक्षा कितीतरी गोड वाटतो.

बाई गोंडपिपरीत शिक्षिका आहेत, माहेर सिरोंच्याकडचं. आपल्याकडच्या पुष्कळ नोकरदारांसारखा त्यांनीही चंद्रपुरात फ्लॅट घेतला. जुनी इमारत, दुसरा मजला, सगळ्या खोल्यांत गडद हिरवट कोटा फरशी. यजमानांना ती उखडून पांढऱ्याशुभ्र, आरशासारख्या टाइल्स हव्यात आणि वर सोळा गोल लाइट. बाईंनी फोनवर विचारलं, "काकाजी, आमच्या सिरोंच्याजवळ कोटा म्हणून गाव आहे. ही फरशी तिथलीच न? मग आपल्या भागातली फरशी काढून गुजरातच्या टाइल्स कशाले टाकायच्या?"

नाही बाई, ही फरशी राजस्थानातली. कोटा शहराच्या दक्षिणेला रामगंज मंडी आहे, त्या पट्ट्यातल्या खाणींतून ती देशभर जाते. पण तुमचं कोटा गावही काही कमी नाही. चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एक होतात, तिथून खाली प्राणहिता. तिच्या काठानं सिरोंच्याकडे उतरलं की हे गाव लागतं. तिथल्या चुनखडीच्या थरात इंग्रजांच्या काळात माशांचे जीवाश्म सापडले आणि भूशास्त्रज्ञांनी त्या सगळ्या थरालाच गावाचं नाव दिलं. कोटा थर म्हटलं की जगभरातले भूशास्त्रज्ञ आपलं हे गाव समजतात, राजस्थानातलं शहर नव्हे. पुढे १९६०च्या आसपास त्याच थरातून कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या लोकांनी एका अवाढव्य डायनोसॉरची हाडं काढली. नाव ठेवलं बारापासॉरस टागोराय. 'बारा' म्हणजे बंगालीत बडा, 'पा' म्हणजे पाय, आणि टागोर म्हणजे आपले रवींद्रनाथच. तो सांगाडा आज कोलकात्याला उभा आहे. सिरोंच्याच्या वडधमला जीवाश्म उद्यान आहे. लग्नाकार्याला त्या बाजूला गेलात तर वाट वाकडी करून बघा.

गंमत अशी की तुमच्या पायाखालची फरशीही चुनखडीच आहे. पण राजस्थानचा तो दगड डायनोसॉरच्या कितीतरी आधीचा. मासे नव्हते, हाडं असलेला कुठलाच जीव नव्हता, तेव्हा समुद्राच्या तळाशी थर बसत गेला, म्हणूनच तो पापुद्र्यासारखा सरळ फाटतो आणि फरशी निघते. शहाबादी आणि तेलंगणातली तांडूर याच गोत्रातल्या, आणि काळा कडप्पाही त्यांचाच चुलतभाऊ. चुनखडी असल्यामुळे सगळ्यांचं दुखणंही एकच, आंबट सोसत नाही. लिंबू, चिंचेचं पाणी, संडास धुवायचं ॲसिड पडलं की तेवढी चकाकी मरते. तुमच्या स्वयंपाकघरात ओट्यासमोर पांढरट डाग असतील तर ते याचेच.

आता मूळ भांडण. यजमान म्हणतात घर अंधारं आहे, म्हणून फरशी बदलायची. बाईंनीही शेवटी विचारलंच, "पांढऱ्या चकचकीत टाइल्स टाकल्या तर घर उजळ दिसन न?"

पस्तीस वर्षं मी लोकांच्या बांधकामांवर देखरेख करतोय आणि या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टींची गाठ मारलेली असते, हे सांगून सांगून थकलो. फिका रंग वेगळा, चकाकी वेगळी. चुन्यानं रंगवलेली भिंत आठवा. तिच्यात कुणाचं तोंड दिसत नाही, पण खोलीत तिच्याइतकं उजळ काही नसतं. पडलेल्या उजेडातला तीन-चतुर्थांशाहून जास्त ती परत देते आणि तोही चहूकडे सारखा पसरून. उलट पॉलिश केलेला काळा कडप्पा बघा. वरचा बल्ब त्यात जसाच्या तसा दिसतो, पण ओटा काळाच आणि त्याच्यामुळे स्वयंपाकघर काही उजळत नाही. चकाकी उजेड वाढवत नाही. दिव्याचं प्रतिबिंब एकाच दिशेला फेकते, आणि त्या दिशेला तुमचा डोळा असेल तर तो दिपतो.

हे मी पुस्तकातून शिकलो असं वाटेल. मी ते माझ्या आईकडून शिकलो, आणि फुकट नाही. पंधरा वर्षांपूर्वी घराचं काम काढलं तेव्हा मीही बैठकीत क्रीम रंगाच्या, आरसा पॉलिशच्या, दोन बाय दोनच्या टाइल्स टाकल्या. पुढे काही वर्षांनी एलईडी स्वस्त झाले तसं खाली उतरलेलं सिलिंग केलं आणि पांढऱ्याफट्ट उजेडाचे बारा लाइट बसवले. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. संध्याकाळी लाइट लावले की ती दारात थांबायची. "बापू, इथं पानी सांडलं हाये, पुसून घे." पाणी नव्हतं. बारा दिव्यांची बारा डबकी तिला फरशीवर दिसत होती. ती त्यांना वळसा घालून, भिंत धरून स्वयंपाकघरात जायची. सगळं आयुष्य शेणानं सारवलेल्या जमिनीवर गेलेलं. तिथे उजेड पडतो आणि जिरतो, पायाला कळतं कुठे काय आहे. महिनाभरानं मी बारातले आठ लाइट बंद करून टाकले. उरलेल्या चारांचीही चार डबकी उरलीच. शेवटी तिनं बैठकीत सतरंजी अंथरून घेतली आणि माझ्या महागाच्या टाइल्स सतरंजीखाली गेल्या.

तेव्हा बाई, तुमच्या घरात अंधार का आहे ते आधी शोधू. मी विचारलं तर कळलं की बैठकीत एकच जुनी ट्यूबलाइट आहे, दाराच्या वर, आणि छताला कधीकाळी दिलेला पिस्ता रंग पंधरा वर्षांचा. छताला हात कुणी लावत नाही, कारण तिकडे कुणी बघत नाही. पण डोळा खोली उजळ की अंधारी हे ठरवतो ते भिंती आणि छत बघूनच. फरशीचा नंबर तिसरा. तिच्यावर अर्धाअधिक पलंग, सोफा नाही तर दिवाणच असतो.

इथेच त्या सोळा गोल लाइटांची गोम आहे. ते सगळा उजेड खाली फेकतात. फरशी झगझगीत होते, छत मात्र काळोखात राहतं. सोळा लाइट लावूनही खोली गुहेसारखी वाटते, असं सांगणारी माणसं मला दरवर्षी भेटतात. हिशेबही बघा. बारा वॅटचे सोळा म्हणजे १९२ वॅट. चांगला एलईडी वॅटमागे ९० ते १०० लुमेन उजेड देतो, म्हणजे सतरा ते एकोणीस हजार लुमेन. तुमची बैठक बारा बाय पंधरा, जवळपास १७ चौरस मीटर. अर्धा उजेड वाया गेला धरला तरी दर चौरस मीटरला पाचशे, म्हणजे पाचशे लक्स. बसण्याउठण्याच्या खोलीला दीडशे-दोनशे पुष्कळ झाले. पाचशे लक्समध्ये लोक कार्यालयात फायली वाचतात. संध्याकाळी चहा पिताना आपल्याला काय तपासायचं असतं?

माझं उत्तर असं. छताला पांढरा रंग द्या, अगदी साधा पांढरा, चमक नसलेला. समोरासमोरच्या दोन भिंतींवर वीस-वीस वॅटच्या दोन एलईडी पट्ट्या लावा, छतापासून फूटभर खाली, म्हणजे उजेड वरही जाईल आणि भिंतीवरून उतरेल. वाचायच्या जागी एक वेगळा दिवा. उजेडाचा रंग ४००० केल्विनचा मागा. दुकानदार ६५०० पुढे करतो, कारण तो दुकानात जास्त पांढरा दिसतो. तुमच्या हिरव्या कोट्यावर तो पडला की फरशी आणि माणसं दोन्ही आजारी दिसतात. ३००० केल्विनचा पिवळसर उजेड झोपायच्या खोलीत छान, पण हिरव्या दगडाला तो मातकट करतो.

आणि फरशी उखडू नका, घासून घ्या. ज्या दगडाला आपण अंधारा म्हणतो त्याच्यावर बऱ्याचदा वर्षानुवर्षांचं मेण, तेल आणि चंद्रपुरातली कोळशाची धूळ बसलेली असते. मशीनवर जाड दगडापासून बारीक दगडापर्यंत पाणी मारत घासाई करा, आणि शेवटच्या आरशाच्या पॉलिशआधी थांबा. मिस्त्री ऐकणार नाही. त्याला वाटतं चमक नाही तर मजुरी कशाची. त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसा.

कोट्याची एक गोष्ट टाइलमध्ये कधीच येत नाही. तो बसवल्यावर घासतात, त्यामुळे सगळी जमीन एका पातळीत येते. टाइल कारखान्यातून पॉलिश होऊन येते, ती घासता येत नाही. मिस्त्रीच्या हातून एका टाइलची कड केसभर वर राहिली तरी भिंतीलगतचा उजेड तिरका पडला की तिची सावली रात्री रेघ मारल्यासारखी उठते. दिवसा कुणाला दिसत नाही. ठेकेदार दिवसा ताबा देतो.

तरीही टाइल्सच टाकायच्या असतील, घर तुमचं आहे. पण जुन्या फरशीवर दुसरा थर चढवला तर सगळी दारं खालून कापावी लागतील. बल्लारशाच्या डेपोतल्या सागाची दारं असतील तर हात थरथरेल तुमचा. साध्या सिमेंटच्या घोळावर व्हिट्रिफाइड टाइल नीट धरत नाही, ती पाणीच पीत नाही ना. तिला चिकटवायचा मसाला वेगळा मिळतो, तो घ्या. सांधे दोन-तीन मिलिमीटर सोडा आणि भिंतीकडेला मोकळी फट ठेवून ती खालच्या पट्टीनं झाका. ४७ अंशांच्या मे महिन्यात दाटीनं बसवलेल्या टाइल्स मधूनच तंबूसारख्या उठलेल्या मी पाहिल्या आहेत. दुपारी फटाका फुटल्यासारखा आवाज होतो. घरच्यांना वाटतं सिलिंडरच गेला.

निवड दुकानात करू नका. तिथे डोक्यावर दिव्यांचा मांडव असतो. दोन-तीन नमुने घरी आणा, रात्री जमिनीवर ठेवा, जो दिवा लावणार आहात तोच लावा आणि दारातून बघा, उभ्यानं आणि बसूनही. टाइलमध्ये दिवा गोल दिसला तर परत करा. मग एकीवर पाणी, एकीवर तेलाचा थेंब टाकून ओल्या पायानं उभे राहा. घरात म्हातारं माणूस असेल तर त्यालाही उभं करा, हात धरून.

यजमानांचा एक मुद्दा राहिला. सोळा नाही तर निदान चार गोल लाइट पंख्याभोवती हवेत म्हणतात, शोभेला. ठीक आहे, पण पंख्याच्या पात्यांवर लाइट येऊ देऊ नका. पातं दर फेरीला उजेड कापतं आणि खोलीभर सावल्या फडफडतात. पाहुणा पाच मिनिटांत उठून जातो, का उठला ते त्यालाही कळत नाही. आपल्याकडे मार्च ते ऑक्टोबर पंखा बंद होतच नाही, म्हणजे ही फडफड आठ महिने. अठ्ठेचाळीस इंची पंख्याचं पातं मधल्या हुकापासून दोन फुटांवर संपतं. पाती छताखाली फूटभर लोंबतात आणि लाइटचा उजेड खाली येताना साधारण तेवढाच बाजूला पसरतो. म्हणून लाइट हुकापासून तीन फुटांच्या आत घेऊ नका, साडेतीन धरले तर उत्तम.

पुढच्या आठवड्यात पीओपी, नक्की. तोवर पंख्याचा हूक चारही भिंतींपासून किती फुटांवर आहे ते मोजून लिहून ठेवा. बऱ्याच फ्लॅटमध्ये तो मधोमध नसतो.