आलं का रे चित्र?

“आलं का रे?” “थोडं डावीकडे... बास, आता हलू नकोस!” गच्चीवर एक, खिडकीत दुसरा, टीव्हीसमोर तिसरा. घरातल्या मोठ्यांना विचारा, रविवारची सकाळ अशीच उजाडायची. आता गावी आई-बाबांसाठी किंवा वीकेंडच्या घरासाठी तोच जुना अँटेना पुन्हा उभा करावा, असं कोणाच्याही मनात येईल. महिन्याचं रिचार्ज नको, नेटची कटकट नको!

पण घर झाईत असेल तर जरा थांबा. बोर्डीच्या पुढे, महाराष्ट्राच्या टोकाला असलेलं हे मच्छीमारांचं गाव. पलीकडे गुजरातचं उंबरगाव. रामानंद सागरांच्या ‘रामायण’चं (१९८७-८८) शूटिंग तिथलंच. गंमत बघा, सेट शेजारी, पण एपिसोड यायचा दिल्लीहून, उपग्रहाला वळसा घालून!

दूरदर्शनचे जुने अॅनालॉग ट्रान्समीटर २०२२ पर्यंत बहुतेक सगळे बंद झाले. अँटेनावर दिसणारं डिजिटल प्रक्षेपण २०१६ मध्ये देशातल्या १६ शहरांत सुरू झालं, त्यात मुंबई होती. मग झाईतून मुंबई पकडता येईल? साधं गणित करू. वरळीचा टॉवर सुमारे ३०० मीटर. तुमचा अँटेना १० मीटरवर. पृथ्वीच्या गोलाईमुळे दोघांची ‘नजरानजर’ होते फार तर ८५ किलोमीटरपर्यंत. झाई सरळ रेषेत जवळपास १२० वर!

समुद्रावर हवेचे गरम-थंड थर जमले की एखाद्या संध्याकाळी सिग्नल लांबवर पोचतोही, पण त्यावर भरवसा कसला ठेवणार? जुन्या टीव्हीत मुंग्यांआडून चेहरा तरी दिसायचा. डिजिटलमध्ये एकतर चकाचक, नाहीतर सगळे चौकोन आणि मग काळोख. बूस्टरवर पैसे घालवू नका, तो सिग्नलबरोबर खरखरही वाढवतो.

झाईत खरा उपाय म्हणजे डीडी फ्री डिश. बॉक्स आणि डिशचा खर्च एकदाच, मासिक भाडं शून्य. समुद्राकडे पाठ करून डिश आग्नेयेला वळवा. उपग्रह क्षितिजापासून साधारण ५६ अंशांवर आहे. मोबाइलमधलं होकायंत्र पुरतं. मध्ये नारळ किंवा चिकूचं झाड नको.

आणि खारा वारा विसरू नका! कनेक्टरला गंज चढला की चित्र गेलंच. जोड कमीत कमी ठेवा, वर रबर टेप घट्ट गुंडाळा, केबलला भिंतीत शिरण्याआधी खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिथूनच गळेल. पावसाळ्याआधी नटबोल्ट आवळा.

मुसळधार पावसात डिशचं चित्र मध्येच जातं. किनाऱ्यावरच्या घरात वादळाची बातमी चुकून चालत नाही. तेव्हा पुढच्या खेपेला आई-बाबांकडे जाताना टेपच्या गुंडाळीसोबत बॅटरीवर चालणारा एक रेडिओही घेऊन जा.