कॅमेरो, मस्टँग आणि खर्चाचा रकाना

रायपूरच्या आझाद चौकातून ब्राह्मणपाऱ्यात शिरले की रस्ता हळूहळू आखडत जातो. भोसल्यांच्या अमदानीपासून छत्तीसगढात येऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांपैकी काहींची घरे या पाऱ्यात आणि शेजारच्या तात्यापाऱ्यात आजही आहेत. येथील गल्ल्यांत दोन मोटारी समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावेच लागते. अशाच एका गल्लीतील घरात रविवारच्या दुपारी साडेसहा-सात लिटर इंजिनाच्या अमेरिकन मोटारींवरून वाद रंगतो, हे बाहेरच्यास सांगूनही खरे वाटणार नाही.

वाद काका-पुतण्यांचा असतो. काका शासकीय खात्यातून लेखापाल म्हणून निवृत्त झालेले. पुतण्या नोकरीत नुकताच स्थिरावलेला, आणि बँकेच्या कर्जावर घेतलेली त्याची जीपच्या धाटणीची गाडी दाराशी उभी. जुन्या मोटारी नव्याने घडवून त्यांची स्पर्धा लावणारे परदेशी कार्यक्रम हा त्याचा जिव्हाळ्याचा विषय. एका रविवारी पडद्यावर १९६९ ची शेवरले कॅमेरो आणि १९६० च्याच दशकातील फोर्ड मस्टँग यांची तुलना चालली होती. वेग, वळणे, थांबण्याचे अंतर, कारागिरी अशा प्रत्येक बाबीचे गुण पुतण्या उत्साहाने वाचून दाखवीत होता. काकांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "गुण कळले रे. पण ही गाडी उभी करायला लागले किती? तो रकाना कुठे आहे?"

पुतण्याजवळ उत्तर नव्हते, कारण कार्यक्रमातच ते नव्हते. काकांचा प्रश्न मात्र या मोटारींच्या जन्मकथेशी अगदी जवळचा आहे. ज्यांना अमेरिकेत 'मसल कार' म्हणतात त्या मोटारी मुळात श्रीमंतांसाठी नव्हत्याच. १९६४ मध्ये पॉन्टियॅक कंपनीने आपल्या मध्यम आकाराच्या 'टेम्पेस्ट' गाडीत मोठ्या गाडीचे ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे, आठ सिलिंडरांचे इंजिन बसविले आणि 'जीटीओ' जन्मास आली. मध्यम गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन बसवू नये, असे जनरल मोटर्सचे अंतर्गत धोरण होते. म्हणून जीटीओ ही स्वतंत्र गाडी न दाखविता टेम्पेस्टवर मिळणारा एक जादा पर्याय म्हणून ती विकण्यात आली. नियमाचे अक्षर पाळून त्याचा आशय बाजूस सारण्याची ही युक्ती कार्यालयीन अनुभव असलेल्या कोणासही ओळखीची वाटेल. १९६८ साली प्लिमथने 'रोड रनर' आणली तेव्हा तिची मूळ किंमत २,८९६ डॉलर होती. चैनीच्या वस्तू काढून टाकावयाच्या, इंजिन मात्र दणकट द्यावयाचे आणि तरुणाला परवडेल अशी किंमत ठेवावयाची, असा हा सरळ व्यवहार होता.

हा बहर फार काळ टिकला नाही. तो ओसरण्यास १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा आणि १९७३ चे तेलसंकट ही कारणे सर्वपरिचित आहेत. त्यांच्याइतकेच मोठे, पण कमी सांगितले जाणारे कारण म्हणजे विमा. तरुण चालक आणि प्रचंड इंजिन ही जोडी विमा कंपन्यांना धोक्याची वाटू लागली व अशा मोटारींवर जबर अधिभार लागू झाले. गाडीचा हप्ता परवडे, विम्याचा परवडेना. शोरूमच्या किमतीने ज्यांना जवळ केले होते, ते ग्राहक विम्याच्या कागदाने दूर गेले.

आज पडद्यावर दिसतात त्या याच गाड्या, परंतु आतून जवळजवळ संपूर्ण बदललेल्या. बाह्य रूप १९६९ चे ठेवून चालण्या-थांबण्याचे गुण आजच्या गाडीचे आणावयाचे, या पद्धतीस तिकडे 'प्रो-टूरिंग' म्हणतात. कॅमेरोच्या मागच्या आसास पाट्यांच्या स्प्रिंगा असत आणि अनेक गाड्यांना चारही चाकांवर ड्रम ब्रेक असत. त्या जागी डिस्क ब्रेक व नवी झुलाव्यवस्था बसविली जाते. जुने ओतीव लोखंडी इंजिन काढून १९९७ च्या कॉर्व्हेटपासून आलेल्या 'एलएस' कुळातील इंजिन बसविण्याची तर प्रथाच पडली आहे. आकाराने आटोपशीर, मूळ कॉर्व्हेटच्या रूपात ॲल्युमिनियमच्या ब्लॉकचे, आणि सुटे भाग मुबलक मिळणारे असे हे इंजिन आहे.

येथे तुलनेतील एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. पहिल्या पिढीच्या कॅमेरोचा पुढचा सांगाडा स्वतंत्र असून तो बोल्टांनी मूळ शरीरास जोडलेला असतो. बोल्ट सोडून तो संपूर्ण उतरविता येतो आणि त्या जागी नव्या घडणीचा तयार सांगाडा चढविता येतो. त्या काळच्या मस्टँगमध्ये ही सोय नाही. तिचे शरीर एकसंध असून पुढच्या स्प्रिंगांना आधार देणारे उंच खांब इंजिनाच्या दोन्ही बाजूंस जागा अडवून बसतात. रुंद इंजिन बसवावयाचे तर ते खांब कापून नवी रचना जोडावी लागते. डॉज चॅलेंजरच्या पुढच्या चाकांना स्प्रिंगांऐवजी पीळ देणाऱ्या दांड्या असतात, म्हणजे तिचा हिशेब आणखी वेगळा. तेव्हा कॅमेरोने एखाद-दुसऱ्या सेकंदाने बाजी मारली, तर त्या सेकंदातील काही वाटा १९६०च्या दशकातील तिच्या आरेखकांचा असतो. मस्टँगवाल्याने जी वेल्डिंग केली तिचे श्रम घड्याळाला दिसत नाहीत.

निव्वळ घड्याळावर विसंबू नये, याची जाण या स्पर्धांच्या संयोजकांना नाही असे मात्र म्हणता येणार नाही. ऑप्टिमा या बॅटरी-उत्पादक कंपनीच्या नावाने २००८ पासून नेवाडा राज्यात सुरू झालेली आणि पुढे दूरचित्रवाणीवर आलेली स्पर्धा त्याचे चांगले उदाहरण होय. तीत गाडी शर्यतीच्या मार्गावर आणि शंकू मांडलेल्या वळणांवर धावते. वेग घेऊन आखलेल्या चौकटीत तिला नेमके थांबावे लागते. आरेखन व अभियांत्रिकीचे परीक्षण वेगळे असते. शिवाय प्रत्येक गाडीला सार्वजनिक रस्त्यावरून लांबचा फेरफटका करावाच लागतो. ट्रेलरवर आणून ट्रेलरवर नेली जाणारी दिखाऊ गाडी या अटीत गळून पडते. जुन्या व नव्या, हलक्या व जड गाड्यांचे वर्गही पुढे निरनिराळे करण्यात आले. एवढ्या काळजीने आखलेल्या गुणपत्रिकेतही अंतिम क्रम ठरविताना कोणी किती पैसे ओतले हे मोजले जात नाही. दहा वर्षे आपल्या गॅरेजमध्ये रात्री काम केलेला हौशी माणूस आणि धनादेश लिहून गाडी घडवून घेतलेला धनिक एकाच यादीत उभे राहतात.

पैशाला मर्यादा घालणारा कार्यक्रम झालाच नाही असे नाही. डिस्कव्हरी वाहिनीवर २००२ मध्ये सुरू झालेल्या 'मॉन्स्टर गॅरेज'मध्ये जेसी जेम्स यांच्या चमूला सात दिवस आणि सुट्या भागांसाठी ३,००० डॉलर एवढीच मुभा होती. कार्यक्रम रंजक होता. परंतु निष्णात वेल्डरांच्या मजुरीची त्यात गणतीच नव्हती. २००४ च्या 'ओव्हरहॉलिन'मध्ये चिप फूस आठवड्याभरात गाडीचा कायापालट करीत. तो पाहून असे काम आठवड्यात होते, असा समज कित्येक प्रेक्षकांचा झाला. त्याच वर्षी आपल्याकडे 'टारझन : द वंडर कार' हा चित्रपट आला. त्यातील जांभळी गाडी दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाइनने टोयोटाच्या एमआर-टू या गाडीवर घडविली होती. रायपूरच्या त्या पिढीतील मुलांच्या वह्यांवर ती गाडी पुष्कळ दिवस चितारली जात होती.

काकांना अपेक्षित असलेला रकाना प्रत्यक्षात सापडतो तो मध्य प्रदेशातील पिथमपूरला. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी 'बाहा एसएईइंडिया' ही स्पर्धा तेथे २००७ मध्ये सुरू झाली. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयासह महाराष्ट्रातील अनेक संघ तीत उतरत आले आहेत. खडबडीत जमिनीवर चालणारी एका आसनाची गाडी विद्यार्थ्यांनी स्वतः घडवावयाची असते. इंजिन सर्वांना एकाच प्रकारचे, साधारण दहा अश्वशक्तीचे. त्यामुळे मोठे इंजिन आणून बाजी मारण्याची वाटच बंद होते. चार तासांच्या सहनशक्ती-फेरीला गुणांचा मोठा वाटा असतो, आणि गाडीच्या खर्चाचा तपशीलवार अहवाल सादर करून त्याचेही गुण मिळवावे लागतात. नळीचा तुकडा किती लांबीचा, त्याला काय दर पडला, जोडकामास किती वेळ लागला, हे परीक्षकांपुढे सिद्ध करावे लागते. हे वर्णन ऐकून काकांची मुद्रा प्रथमच प्रसन्न झाली.

पुतण्याचा खरा बेत मात्र त्यानंतर बाहेर आला. दाराशी उभ्या असलेल्या गाडीत पाच बदल करण्याचे त्याच्या मनात होते आणि टाटीबंधच्या बाजूच्या एका गॅरेजमधून त्याने अंदाजही आणला होता. काकांनी दिनदर्शिकेच्या मागील कोऱ्या बाजूस ती यादी उतरविली व प्रत्येक ओळीपुढे दोन रकाने आखले : एक खर्चाचा, दुसरा कायद्याचा.

दुसरा रकाना भरताना बराच वेळ गेला. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ अन्वये नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ निश्चित केलेल्या तपशिलाहून भिन्न ठरेल असा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निर्णयात हीच बाब स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदलास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. दंड प्रत्येक बदलामागे आहे, हे वाचून पुतण्याने यादीकडे पुन्हा पाहिले.

गाडीवर बँकेचा बोजा असेल तर त्याची नोंद प्रमाणपत्रावर असते. कर्जाच्या करारात बहुधा बँकेच्या संमतीविना फेरबदल न करण्याची अट असते, आणि ती सहीच्या वेळी क्वचितच वाचली जाते. विम्याचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. आपल्याकडील नेहमीच्या विम्यात गाडीची घोषित किंमत वयानुसार घटत जाते. पाचव्या वर्षाअखेर ती निम्म्यावर येते. न कळविलेल्या बदलांवर केलेला खर्च त्या किमतीत धरला जात नाहीच, उलट अपघातानंतर दाव्यावर वाद उभा राहण्यास ते निमित्त होते. अमेरिकेत हौशी मोटारींसाठी किंमत आधीच उभयपक्षी मान्य करून घेण्याची वेगळी विमापत्रे मिळतात. तेथील त्या कॅमेरोवाल्याचे धाडस त्या कागदाच्या आधारावरही उभे असते. कॅमेरा तेवढा तिकडे वळत नाही.

यादीतील मोठे इंजिन पहिल्या फेरीतच गेले. पुढचा पोलादी बुल बार डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने राज्यांना पाठविलेल्या पत्रामुळे गेला. गर्जना करणारा सायलेन्सर काकांनी कायदा न पाहताच खोडला. ब्राह्मणपाऱ्याच्या गल्लीत तो दोन दिवसही चालू दिला गेला नसता. नव्या रंगापुढे 'परिवहन कार्यालयात नोंद' असे लिहिले गेले. ध्वनियंत्रणेपुढे 'विमा कंपनीस कळविणे' अशी टीप पडली, आणि तिचा खर्च तेवढा बेरजेत धरला गेला.

"बँकेला पत्र आजच लिही," काका म्हणाले. पुतण्याने कागद घेतला खरा, पण तोवर पडद्यावर चॅलेंजर शंकूंच्या वळणांत शिरली होती. काकांनीही चष्मा पुसून खुर्ची थोडी पुढे ओढली.