ब्याऐंशी म्हणजे किती?

पिरंगुटहून उरवड्याकडे वळलं की एकीकडे कारखान्यांची कुंपणं लागतात, दुसरीकडे भातखाचरं. जूनमध्ये इथं रोपं टाकायची घाई असते, आणि त्याच सुमारास सीईटीचा निकाल लागतो. समजा, अशाच एका घरात मोबाइलवर ८२ आणि दशांशचिन्हापुढे सात आकडे उमटले. आई खूश. "ब्याऐंशी पडले की गं! मग रडतीस कशाला?" लेकीचं तोंड उशीत.

गंमत अशी, की आकडा दोघींनाही पुरता कळलेला नसतो.

हे टक्के नव्हेत. इंजिनीअरिंगची सीईटी २०० गुणांची. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे पन्नास-पन्नास प्रश्न एकेका गुणाचे, गणिताचे पन्नास दोन-दोन गुणांचे. चुकलं तरी गुण कापत नाहीत. परीक्षा अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी, म्हणून गुणांऐवजी आपल्या सत्रातला क्रम मोजतात. ८२ पर्सेंटाइल म्हणजे सत्रातल्या शंभरांपैकी ब्याऐंशी जण तिच्या बरोबरीला किंवा मागे. दोनशेपैकी निम्मे गुण नसतानाही हा आकडा येऊ शकतो.

आता जरा हिशेब मांडू. २०२५ मध्ये पीसीएम गटाची परीक्षा सुमारे सव्वाचार लाख मुलांनी दिली. ८२च्या पुढे साधारण पाऊण लाख मुलं. राज्यात इंजिनीअरिंगच्या जागा दोन लाखांच्या आसपास. म्हणजे जागा मिळेल. शिवाजीनगरच्या सीओईपीत कॉम्प्युटर मात्र विसरावं, तिथं नव्व्याण्णवच्या पुढचीच गर्दी.

खरा घोळ पुढे, कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्यांचा पसंतीक्रम भरताना होतो. २०२५ च्या नियमानुसार पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ते घ्यावंच लागे, नाहीतर पुढच्या फेऱ्या बंद. मैत्रिणीची यादी बघून आपली भरणाऱ्यांची इथंच फसगत होते. गेल्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेलच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. ते शाखेनुसार आणि प्रवर्गानुसार बघायला एक अख्खी दुपार द्यावी.

याच दिवसांत 'मॅनेजमेंटमधून करून देतो' म्हणणाऱ्यांचे फोन सुरू होतात. पैसे भरण्याआधी एक गोष्ट तपासावी. २०२४ च्या शासननिर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून झाला तरच. मॅनेजमेंट कोट्यात ही सवलत बसत नाही. दाखल्यांसाठी तहसील कार्यालयाची फेरी आधीच उरकलेली बरी. यादी लागल्यावर तिथं पाय ठेवायला जागा नसते.

आणि मुलगी जेवणखाण सोडून गप्पच बसली, तर टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, रात्रीअपरात्रीही.

संध्याकाळी यादी भरायला घेतली की आई शेजारी येऊन बसते. कटऑफ तिला कळत नाही, पण प्रत्येक कॉलेजपाशी तिचा एक प्रश्न ठरलेला: "तिथनं परत यायला पिरंगुटपर्यंत शेवटची बस किती वाजता?"