आधी शरीर, मग आकृती

सकाळी 9:45
महाड तालुक्यातल्या आमच्या शाळेत वाड्यावाड्यांवरून मुले पायी आणि एसटीने येतात. ती पोहोचेपर्यंत मी टाचण पुरे करते. इयत्ता नववी, विज्ञान, घटक मानवी चेतासंस्था. शैक्षणिक साहित्याच्या रकान्यात लिहिते: 30 सेंटिमीटरची पट्टी, टॉर्च, स्टॉपवॉच. बाकीचे साहित्य मुलांच्या अंगातच असते. यकृत किंवा मूत्रपिंड शिकवताना चित्रावर भिस्त ठेवावी लागते. चेतासंस्थेचे काम मात्र बसल्या जागी करून पाहता येते, म्हणून हा घटक मी आकृतीपासून सुरू करत नाही.

सकाळी 11:00
परिपाठ आणि हजेरी आटोपली की पट्टी बाहेर येते. एकाने ती वरच्या टोकाला धरायची, दुसऱ्याने शून्याच्या खुणेपाशी बोटे उघडी ठेवायची. न सांगता पट्टी सुटते आणि दुसरा ती पकडतो. बोटे 15 सेंटिमीटरवर मिटली तर सुमारे 0.17 सेकंद लागला, 20 वर मिटली तर 0.20. हे गणित मुले स्वतः करतात, कारण गतीची समीकरणे त्यांनी याच वर्षी शिकलेली असतात. मग विचारते, एवढ्या वेळात आत काय काय झाले? डोळ्याने पाहिले, संवेदी चेतांनी मेंदूला कळवले, मेंदूने ठरवले, प्रेरक चेतांनी बोटांच्या स्नायूंना हुकूम दिला. चार पायऱ्या मुलांच्या तोंडून येतात, मी फक्त फळ्यावर लिहीत जाते.

सकाळी 11:40
जोडतासिका असल्याने सगळ्यांना व्हरांड्यात नेते. मुलांचे एक वर्तुळ, मुलींचे दुसरे. डोळे मिटून प्रत्येकाने शेजाऱ्याचा घोटा धरायचा. आपला घोटा दाबला गेला की लगेच पुढच्याचा दाबायचा. वेळ मोजायची. मग तोच फेरा खांदे धरून. सराव झाल्यावर घोट्याचा फेरा हटकून जास्त वेळ घेतो.

“बाई, पाय लांब आहे म्हणून?” मागून कोणीतरी विचारते. हेच हवे असते. 20 जणांच्या वर्तुळात फरक 0.4 सेकंदाचा पडला, तर माणशी 0.02 सेकंद. खांद्यापेक्षा घोटा मेंदूपासून साधारण एक मीटर लांब. म्हणजे संदेशाचा वेग सेकंदाला सुमारे 50 मीटर, ताशी 180 किलोमीटर. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी 1850च्या सुमारास बेडकाच्या चेतेवर हा वेग मोजला. त्याआधी तो मोजण्यापलीकडचा आहे असे मोठमोठ्या शास्त्रज्ञांना वाटत होते. नववीच्या मुलांना त्याचा अंदाज व्हरांड्यात येतो.

दुपारी 12:20
वर्गातली खिडकी लावून अंधार करते. जोडीदाराच्या एका डोळ्यावर बाजूने क्षणभर टॉर्च मारायचा आणि दुसऱ्या डोळ्याकडे पाहायचे. उजेड पडला नाही त्या डोळ्याची बाहुलीही आक्रसते! इथे मुलांचा पहिला खरा प्रश्न येतो: आम्ही तर काहीच ठरवले नाही. मग प्रतिक्षिप्त क्रिया हा शब्द फळ्यावर जातो. आता चेतापेशीची आकृती काढली की वृक्षिका, पेशीकाय, अक्षतंतू ही नावे पाठ करून घ्यावी लागत नाहीत.

दुपारी 1:30
डबा खाऊन वह्या तपासते. चूक बहुधा एकच असते: बाणाची दिशा. संदेश वृक्षिकेकडून पेशीकायाकडे आणि तिथून अक्षतंतूने पुढे जातो. ‘माणूस मेंदूचा 10 टक्केच भाग वापरतो’ हे वाक्यही कुठूनतरी आलेले असते. ते खोडते आणि समासात लिहिते: पूर्ण मेंदू वापरला जातो.

दुपारी 3:15
शेवटचा भाग स्वायत्त चेतासंस्थेचा. इथे मी विंचवाबद्दल बोलते, कारण कोकणात भात कापताना, चिरे हलवताना तो भेटतोच. लाल विंचवाच्या विषामुळे चेतापेशींमधले सोडियमचे मार्ग वेळेवर मिटत नाहीत. संदेश थांबत नाहीत आणि अॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोट रक्तात येतो. दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, आणि हृदयावर भार येऊन फुप्फुसात पाणी. याच तालुक्यात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी असे रुग्ण रात्र रात्र जागून तपासले आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध या दंशावर वापरून दाखवले. पूर्वी गंभीर दंशाचे सुमारे 30 टक्के रुग्ण दगावत. वेळेवर उपचार मिळतात तिथे हे प्रमाण अगदी खाली आले. बावस्करांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. हे सांगताना वर्ग कान देऊन ऐकतो, कारण विंचवाचे घर त्यांच्या अंगणात आहे.

संध्याकाळी 5:00
शाळा सुटताना गृहपाठ देते: पट्टीचा प्रयोग घरी आजी-आजोबांबरोबर करा, आकडे लिहून आणा. आणि एक निरोप घरोघर पोहोचवा, तो वाचकांनाही सांगते. विंचू चावल्यावर घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. रुग्णाला तडक जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या.